पाठभर टॅटू काढताना: लांबलचक सेशन अंगावर कसं घ्यायचं

पाठीवर मोठा टॅटू काढून घेणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. काय चाललंय ते तुम्हाला दिसणार नाही. मनगटावर काढताना माणूस सुईकडे बघत बसतो, किती झालं नि किती राहिलं याचा अंदाज येतो, आणि त्या अंदाजाच्या जोरावर निम्मं दुखणं सोसलं जातं. पाठीचं तसं नाही. तुम्ही पालथे पडलेले, तोंड खाली, मागून फक्त मशीनची घरघर. पुढची रेघ कुठे पडणार, किती लांब जाणार, काही कळत नाही. लांब सेशनमध्ये माणूस खचतो तो बहुतेक वेळा या न दिसण्यापायी. म्हणून शरीर आधीपासून तयार ठेवायचं आणि न दिसणाऱ्या कामाशी बोलून, विचारून जोडलेलं राहायचं, या दोन गोष्टींसाठी हा सगळा खटाटोप.

माझ्या पाठीवर वडाचं झाड आहे. मणक्यावर खोड, खांद्यांवर फांद्या, पारंब्या कमरेपर्यंत. पाच सेशन लागले, मिळून २६ तास. सगळ्यात लांब सेशन साडेसहा तासांचं होतं. त्यातलं पहिलं सेशन माझ्या चुकांमुळे अर्धवट सोडावं लागलं, तेही पुढे सांगते.

तारीख घेण्याआधी

सैन्यभरतीची तयारी करत असाल तर इथेच थांबा. भारतीय सैन्यात सर्वसाधारण उमेदवाराला कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच कायमचा टॅटू चालतो. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना परंपरेप्रमाणे सवलत आहे, पण हौसेने पाठीवर काढलेला टॅटू मेडिकलमध्ये अडवतो. पोलीस भरतीचं असेल तर जाहिरातीतल्या अटी नीट वाचा. गावाकडच्या भरतीच्या मुलांना हे कुणी वेळेवर सांगत नाही, म्हणून मी सगळ्यात आधी लिहिलं.

मग तब्येत. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर टॅटू पुढे ढकला. जुनी जखम फुगून जाड वण उठण्याची, म्हणजे केलॉइडची सवय तुमच्या कातडीला असेल तर पाठभर काम करायच्या आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. पाठीचा वरचा भाग आणि खांदे या केलॉइडच्या नेहमीच्या जागा आहेत. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर घ्या. तिचे तीन डोस असतात, ०, १ आणि ६ महिन्यांचे, त्यामुळे हे जितकं लवकर कराल तितकं बरं. नेमाने रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही, आणि पाठीचं काम टप्प्याटप्प्याने चालतं म्हणून हे १२ महिने शेवटच्या सेशनपासून मोजायचे.

मुली मला हमखास विचारतात की पुढे बाळंतपणात पाठीतून भूल देताना अडचण येईल का. पूर्ण बऱ्या झालेल्या टॅटूमुळे सहसा येत नाही. भूलतज्ज्ञ शक्यतो शाई नसलेली जागा शोधून तिथून सुई घालतात. टॅटू ताजा, न भरलेला असेल तर मात्र प्रश्न येतो. कमरेच्या मधोमध आर्टिस्टकडून थोडी मोकळी जागा ठेवून घेतली तर चिंता उरत नाही. मी दोन पारंब्यांच्या मध्ये तशी जागा ठेवून घेतली आहे.

स्टुडिओ निवडताना इन्स्टाग्रामवरच्या ताज्या कामाचे चकचकीत फोटो बघून भुलू नका. दोन-तीन वर्षं झालेल्या टॅटूचे फोटो मागा, शक्यतो आपल्यासारख्या सावळ्या कातडीवरचे. सुईचं कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, शाई तुमच्यासमोर नव्या छोट्या कपांमध्ये ओतली पाहिजे, आणि एकदाच वापरून फेकायची नसलेली प्रत्येक वस्तू ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे १२१ अंशांवर दाबाखालच्या वाफेतून काढलेली असली पाहिजे. एका ठिकाणी मी हे विचारलं तर समोरचा म्हणाला, "मॅडम, विश्वास ठेवा ना." मी ॲडव्हान्स न देता बाहेर पडले. तुम्हीही पडा.

आणि महिना बघा. पुण्या-मुंबईत मे महिन्याच्या घामात किंवा जुलैच्या दमट हवेत, जेव्हा कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा पाठभर ताजी जखम सांभाळणं फार त्रासाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

आदला आठवडा आणि आदली रात्र

कातडी कोरडी असेल तर पंधरा दिवस रोज मॉइश्चरायझर लावा, सेशनच्या दिवशी मात्र काहीही लावू नका. पाठीवर लव असेल तर आदल्या दिवशी वॅक्स करू नका. आर्टिस्ट नव्या रेझरने स्वतः साफ करतात. आदले २४ तास दारू नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा, त्याने रक्त जास्त येतं आणि शाई बसायला त्रास होतो. डॉक्टरांनी हृदयासाठी ॲस्पिरिन दिली असेल तर मनाने बंद करू नका, त्यांनाच विचारा.

झोप. याला पर्याय नाही. आठ तास झोपून गेलेल्या दिवशी आणि चार तास झोपून गेलेल्या दिवशी तीच सुई दोन वेगळ्या सुया वाटतात. पाळीच्या दिवसांत मला प्रत्येक रेघ जास्त झोंबली, म्हणून पुढच्या तारखा मी ते दिवस सोडून घेतल्या.

बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल जरा सविस्तर लिहावंच लागेल, कारण यात खरा धोका आहे. हातावरच्या छोट्या टॅटूला मेडिकलमधली लिडोकेन-प्रिलोकेनची ट्यूब लावणं वेगळं आणि पूर्ण पाठीला तीन-चार ट्यूब फासून वर प्लॅस्टिक गुंडाळणं वेगळं. एवढ्या मोठ्या भागातून औषध रक्तात उतरतं. लिडोकेन जास्त झालं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. प्रिलोकेनने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. मार्च २०२४ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, टॅटूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, प्रमाणापेक्षा जास्त लिडोकेनच्या क्रीमविरुद्ध इशाराच दिला होता. शिवाय क्रीमचा असर दोनेक तासांत उतरतो आणि मग आतापर्यंत सोसायची सवयच न झालेल्या शरीरावर सगळं दुखणं एकदम कोसळतं. लावायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, अगदी छोट्या भागापुरतं, आणि आर्टिस्टला आधी सांगून. काहींच्या कातडीचा पोत क्रीमने बदलतो आणि आर्टिस्टला काम करणं अवघड जातं.

त्या दिवशीची सकाळ

पोटभर खाऊन जा. माझं पहिलं सेशन बिघडलं ते इथेच. धास्तीने घास उतरत नव्हता, चहा-बिस्किटावर गेले. दीड तासाने कानात शीळ घुमायला लागली, ओठ गार पडले, समोरची फरशी दूर-दूर जायला लागली. आर्टिस्टने लगेच मशीन थांबवलं, मला कुशीवर वळवलं, पाय उंच करून ठेवले, थोड्या वेळाने साखरपाणी पाजलं. चांगला माणूस होता. पण त्या दिवशीचं काम तिथेच संपलं.

आता मी निघायच्या दीड-दोन तास आधी पोळी-भाजी, दोन अंडी आणि वाटीभर दही-भात खाते. नुसते पोहे तासाभरात जिरतात. तुम्ही अंडी खात नसाल तर उसळ घ्या. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. यातलं दर ब्रेकला थोडंथोडं पोटात जायला हवं, भूक लागायची वाट बघायची नाही.

कपडे: जुना, सुती, पुढून बटणांचा सैल शर्ट घ्या आणि तो उलटा घाला, बटणं पाठीवर. पाठ उघडी राहते, पुढून अंग झाकलेलं. बायकांना हा संकोच फार असतो आणि तो बोलून दाखवायला लाज वाटते. आर्टिस्टला सरळ सांगा की पडदा हवा, खोलीत इतर कुणी नको, सोबत मैत्रीण बसेल. चांगल्या स्टुडिओत याची आधीच सोय असते. पायमोजे आणि शाल न्यायला विसरू नका, अगदी एप्रिलमध्येसुद्धा. का ते पुढे येईल.

सोबत कुणीतरी हवंच. माझ्या आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं, जत्रेत बसून गोंदवलेलं. ती सांगायची, गोंदणारीण सुया टोचायची तेव्हा एकीने तिचा हात घट्ट धरला होता आणि दुसरी गाणं म्हणत होती. दुखणं वाटून घ्यायची ही रीत जुनी आहे आणि ती आजही लागू पडते. माझी धाकटी बहीण पाच तास समोर स्टुलावर बसून कधी पेरू कापून भरवत होती, कधी नुसती बसून होती.

स्टेन्सिल: इथे अजिबात घाई नको

टॅटूचा आराखडा आधी जांभळ्या रेषांनी पाठीवर उमटवतात. त्या वेळी सरळ, सैल उभे राहा, नेहमी उभे राहता तसे. छाती पुढे काढून ताठ उभे राहिलात तर नंतर चित्र वाकडं दिसतं. मग दोन आरसे समोरासमोर धरून बघा, फोटो काढून घ्या, हात वर करून, खाली सोडून, पुन्हा बघा. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली आहे, मला तीस वर्षांत कळलं नव्हतं. स्टेन्सिलमध्ये वडाच्या फांद्या एका बाजूला उतरलेल्या दिसल्या तेव्हा कळलं. आर्टिस्टने पुसून तीन वेळा लावलं. इथे भीड ठेवू नका. चित्र बघून बदलता येईल अशी ही शेवटची वेळ, मग डोळे भरून बघून घ्या. रेषा पक्क्या वाळायला पंधरा-वीस मिनिटं द्या.

पालथं पडणं

सुईइतकीच मान दुखते, हे कुणी आधी सांगत नाही. तोंडासाठी भोक असलेलं मसाजचं टेबल असेल तर छान. नसेल तर छातीखाली उशी, कपाळ हातांच्या घडीवर नको, गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवा. हात घडी घालून डोक्याखाली ठेवले की अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. घोट्यांखाली दुसरा टॉवेल गुंडाळून ठेवला की कमरेवरचा ताण उतरतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी मान दुसरीकडे वळवा, पण आधी सांगा: "दादा, मान वळवते." ते सुई उचलतात, तुम्ही वळवता. न सांगता हललात तर रेघ हलते.

तासागणिक काय होतं

पहिली दहा मिनिटं वाईट असतात, मग शरीर स्वतःच मदतीला येतं. ॲड्रेनलिन आणि एंडॉर्फिन वाहायला लागतात, दुखणं बोथट होतं, आणि पुढचे दीड-दोन तास बरे जातात. या काळात खूश होऊन "ब्रेक नको, चालू द्या" म्हणू नका. तो जोर उसना असतो.

पाठीवर सगळीकडे सारखं दुखत नाही. खांद्याखालच्या मांसल भागात जाड खरचटल्यासारखं वाटतं, सोसवतं. खांद्याच्या फऱ्याच्या कडेवर सुई हाडावर घुमते. बरगड्यांवर, काखेकडे जाताना कातडी पातळ होते आणि झोंबतं. कमरेच्या दोन्ही बाजूंना, जिथे गुदगुल्या होतात, तिथे आपोआप अंग आकसतं. माकडहाडाजवळची कातडीही फार हळवी असते. आणि मणका. सुई जाते मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत, कातडीच्या दुसऱ्या थरापर्यंतच, पण मणक्यावर त्या कातडीखाली लगेच हाड असल्यामुळे मशीनची थरथर कवटीपर्यंत पोचते. माझे दात एकमेकांवर वाजत होते. प्रत्येक मणक्याच्या उंचवट्यावर ती थरथर वाढायची, दोन मणक्यांच्या मधल्या खळग्यात कमी व्हायची, पुन्हा वाढायची. मी उंचवटे मोजायला लागले. ते मोजणं हीच मला त्या दिवशी पकडून ठेवायला मिळालेली एक दोरी होती.

आर्टिस्टला आधीच विचारा की मणका कधी घेणार. माझं मत असं की तो सुरुवातीच्या दोन तासांत उरकावा, शरीर ताजं असताना, आणि मांसल भागातलं शेडिंग, म्हणजे छटा भरण्याचं काम, नंतरसाठी ठेवावं. काहीजण उलटं करतात. पण ठरवून करा.

श्वास धरून ठेवू नका. नवखा माणूस हमखास तेच करतो, मग अंग दगडासारखं होतं आणि दुखणं दुप्पट. रेघ सुरू झाली की हळू श्वास सोडा. फार खोल श्वासही नको, पाठ वर-खाली होते. माझे आर्टिस्ट लांब रेघेच्या आधी म्हणायचे, "ताई, सोडा." आणि मी सोडायचे. या एका शब्दाने मला सगळ्यात जास्त सावरलं, कारण त्यामुळे रेघ कधी येणार ते कळायचं. तुमच्या आर्टिस्टला हे आवर्जून सांगा. अधूनमधून विचारत राहा, कुठे आहात, ही फांदी संपली का, अजून किती. ब्रेकला मोबाईलवर फोटो काढून बघा. पाठ दिसायला लागली की धीर येतो.

तिसऱ्या-चौथ्या तासाला उसना जोर संपतो. आता सुईपेक्षा पुसणं जास्त झोंबतं. तीच जागा टिश्यूने शंभराव्यांदा पुसली जाते आणि कोवळ्या कातडीवर मिठाचा हात फिरल्यासारखं वाटतं. थंडी वाजते, अंग थरथरतं. पायमोजे नि शाल यासाठी. तुमच्या शरीराच्या लेखी ही पाठभर पसरलेली जखम आहे, आणि रोगप्रतिकारक पेशी शाईचे कण गिळायला धावतायत. त्यांनी गिळलेली ती शाईच पुढे टॅटू म्हणून दिसत राहते. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की जुनी पेशी मेली की तिची शाई शेजारची नवी पेशी गिळते, आणि रंग टिकण्याचं हे मोठं कारण आहे. थरथरत पडलेलं असताना मला हे आठवून बरं वाटलं होतं. अंग बिघडत नव्हतं, कामाला लागलं होतं.

गाणी, पॉडकास्ट, जप, पाढे, जे चालेल ते चालवा. एक कान मात्र मोकळा ठेवा, आर्टिस्टचा आवाज यायला हवा.

ब्रेक किती, आणि थांबायचं कधी

दीड तासाला दहा मिनिटं पुरतात. दर वीस मिनिटांनी उठलात तर कातडी सुजते, आणि परत सुई लागते तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त लागते. उठताना एकदम उभे राहू नका. आधी बसा, पाय खाली सोडा, दोन घोट प्या, मग उभे राहा.

डोळ्यांपुढे अंधारी, गार घाम, मळमळ, कानात आवाज: लगेच सांगा. सांगणं म्हणजे ओरडणं नव्हे, नुसतं "थांबा" पुरे. आणि मन म्हणालं की आज बास, तर तेही ऐका. रेघ संपवून झाकून घ्या आणि घरी जा. जपानमध्ये पाठभर इरेझुमी, म्हणजे तिथला पारंपरिक टॅटू, काढून घेणारी माणसं वर्षानुवर्षं छोट्या छोट्या बैठकांत ती पुरी करतात. सहा तास पडून राहिलात म्हणून टॅटू जास्त चांगला होत नाही. पाचव्या-सहाव्या तासाला अंग आखडून थरथरत असेल तर उलट काम बिघडतं. ठरलेले सहा तास चारवर थांबवायला आर्टिस्ट नाराज होत असेल तर पुढचं सेशन दुसऱ्याकडे घ्या.

घरी जाताना आणि पुढचे पंधरा दिवस

स्वतः गाडी चालवू नका. रिक्षात पुढे झुकून बसा. लोकलची गर्दीची वेळ टाळा आणि पंधरा दिवस पाठीला सॅक नाही. त्या रात्री ताप आल्यासारखं, अंग मोडून आल्यासारखं वाटू शकतं. भात-वरण-तूप खाऊन झोपा, पालथे किंवा कुशीवर. जुनी गडद चादर अंथरा, शाई आणि जखमेतलं पाणी गळतं. सकाळी चादर चिकटली असेल तर ओढू नका, कोमट पाण्याने भिजवून सोडवा.

आर्टिस्टने चिकटपट्टीसारखी पारदर्शक फिल्म लावली असेल तर ते सांगतील तितके दिवस ठेवा, पण कडेने गळायला लागली की काढा. त्यानंतर दिवसातून दोनदा बिनवासाच्या सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवायचं, स्वच्छ टिश्यूने टिपायचं, सांगितलेलं मलम अगदी पातळ लावायचं. तुमचा हात पाठीच्या मध्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा हे कोण करणार ते आधीच ठरवा आणि त्या माणसाला आधी हात धुवायला सांगा. घरातली मोठी माणसं मायेने हळद, खोबरेल, कोरफड घेऊन येतील. प्रेमाने नाही म्हणा. उघड्या जखमेवर यातलं काही नको.

चार-पाच दिवसांनी खपली सुटते, खाज सुटते. खाजवायचं नाही, वरून तळव्याने हलकं थोपटायचं. जिम, ऊन, पोहणं किमान दोन-तीन आठवडे बंद. गोव्याच्या सुट्टीत टॅटू काढून दुसऱ्या दिवशी समुद्रात उतरणारे कितीतरी लोक असतात, त्यांना कळकळीने सांगते: करू नका. मेक्सिकोच्या आखातात ताजा टॅटू घेऊन पोहलेला, यकृताचा आजार असलेला एक माणूस व्हिब्रिओ जंतूंच्या संसर्गाने दगावल्याची नोंद २०१७ च्या वैद्यकीय नियतकालिकात आहे. गोव्याला जायचंच असेल तर समुद्र आधी, टॅटू शेवटच्या दिवशी.

लाली कमी होण्याऐवजी पसरत गेली, जागा गरम लागली, पू आला, लाल रेघा निघाल्या किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टर गाठा.

पुढचं सेशन किमान तीन-चार आठवड्यांनी, कातडी पूर्ण भरल्यावर. तारीख घेण्याआधी मागच्या वेळी नेमकं काय जड गेलं ते वहीत लिहून ठेवा, किती वाजता खाल्लं होतं, कोणत्या तासाला थंडी वाजली, कुठली बाजू जास्त झोंबली. माझ्या दुसऱ्या सेशनच्या पानावर लिहिलंय: "डावी बरगडी शेवटी नको. उशी मऊ हवी. चिक्की तिसऱ्या तासाआधी." ते पान तिसऱ्या वेळी आर्टिस्टच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, उशी बदलली आणि डाव्या बरगडीपासून सुरुवात केली.